मीटर, मेगर, टाँग टेस्टर नि स्कोप: नागपूरच्या उन्हापावसात कसे सांभाळायचे

मागच्या नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, शेजारचे काका त्यांचं मीटर हातात घेऊनच आले, घामाघूम. "भाऊ, घरात दोनशे पंच्याऐंशी व्होल्ट येऊन रायले नं, फ्रिज जळून जाईल, एखादा मोठा स्टॅबिलायझर पाहून द्या." मी माझं मीटर त्यांच्याच सॉकेटला लावलं तर २३४. त्यांच्या मीटरचं मागचं झाकण उघडून आतली ९ व्होल्टची बॅटरी मोजली तर साडेसहा व्होल्ट. नवी बॅटरी टाकली, त्याच सॉकेटवर २३५ आलं. स्टॅबिलायझरचा खर्च एका बॅटरीवर भागला.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. डिजिटल मीटर आत एक ठरावीक रेफरन्स व्होल्टेज तयार करतं नि आलेलं व्होल्टेज त्याच्याशी ताडून पाहतं. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरात बॅटरी साधारण ७ व्होल्टच्या खाली गेली की तो रेफरन्सच बसायला लागतो, मग मापायची पट्टीच आखूड झाली म्हटल्यावर प्रत्येक रीडिंग फुगलेलं दिसणार. बॅटरीचं चिन्ह दिसायला पाहिजे, पण बऱ्याच स्वस्त मीटरांत ते उशिरा येतं नाहीतर येतच नाही. बंद पडलेल्या मीटरची मला भीती वाटत नाही, ते बाजूला ठेवता येतं. चालू असून खोटं बोलणारं मीटर माणसाला मारू शकतं. म्हणून मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशीच सांगतो, रीडिंग विचित्र आलं की आधी बॅटरी पाहा, मग लीड (मीटरच्या लाल-काळ्या वायरी), मग फ्यूज, नि हे तिन्ही बरोबर निघाले तरच समोरच्या सर्किटवर संशय घ्या.

बॅटरीचंच आधी संपवतो. अल्कलाइन सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, हवेला लागून त्याचा पांढरा भुरकट थर बनतो, नि स्प्रिंगच्या तांब्या-पितळेवर हिरवट-निळं चढतं. असं दिसलं तर मीटर फेकू नका, बऱ्याच वेळा वाचतं. हातमोजे नि चष्मा घाला, सेल काढून टाका, कोरडा थर जुन्या टूथब्रशने झाडून घ्या (तोंड लांब ठेवून, ती पूड डोळ्यात गेली तर फार त्रास होतो). मग कानकोरणीच्या कापसाला लिंबाचा रस नाहीतर पांढरं व्हिनेगर लावून फक्त त्या स्प्रिंगवर नि पट्टीवर घासा, थेंबथेंब, ओतायचं नाही. थर जिवंत असेल तर बारीक फेस येतो, फेस यायचा थांबला की समजा अल्कली मेली. त्यानंतर ओल्या कापसाने आंबट पुसून घ्या, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा नि तासभर पंख्याखाली ठेवा. स्प्रिंग काळी पडून खरबरीत झाली असेल तर बारीक पॉलिश पेपरचा एकच हात, जास्त नको, नाहीतर वरचं निकेल निघून जातं नि दोन पावसाळ्यांत परत गंज. मीटर महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढूनच ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो, बंद खोलीत नि पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि उन्हात सेल गळायचं प्रमाण वाढतं हे मी दरवर्षी जूनमध्ये टेबलावर पाहतो. गाडीच्या डिकीत मीटर टाकून फिरणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच पाहिजे.

आता लीड. याबद्दल मी थोडा जास्त बोलणार, कारण माझ्यासोबत काम करणारा एक पोरगा यातच वाचला. एका इमारतीचा पॅनल, त्याने मेन बंद केलं असं त्याला वाटलं, मीटर लावलं तर शून्य, म्हणून हात घातला नि झटका बसून मागे फेकला गेला. दोन दिवस हात बधिर होता. मीटर ठीक होतं, बॅटरी ठीक होती, लाल लीडच्या प्रोबजवळच्या (टोकाच्या दांडीजवळच्या) मानेत आतलं तांबं तुटलेलं होतं, वरून रबर मात्र एकदम अखंड. तेव्हापासून आमच्या टेबलावर एक पद्धत पक्की आहे: आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर लावायचं, २३० च्या आसपास दिसलं पाहिजे, मग ज्याच्यावर काम करायचं तिथे लावून शून्य पाहायचं, नि परत त्या चालू सॉकेटवर लावून मीटर अजून जिवंत आहे याची खात्री करायची. तिन्ही पायऱ्या, दर वेळेस, घाई असली तरी.

लीड तपासायची रीत सोपी आहे. मीटर २०० ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट दाबा. चांगल्या लीडला ०.१ ते ०.३ ओहम येतं, स्वस्ताला अर्ध्या ओहमच्या पुढेमागे. आकडा कमी आहे म्हणून लगेच खूश होऊ नका, टोकं धरूनच प्रोबच्या मानेजवळ नि प्लगजवळ वायर चारही बाजूंना वाकवा, आकडा उड्या मारायला लागला की लीड मेली, टेप गुंडाळून चालवायची नाही, बदलायची. नवी घेताना त्यावरचं कॅट रेटिंग (मेन्सवर कुठपर्यंत वापरायला सुरक्षित ते) पाहा, घरातल्या डीबीवर, म्हणजे एमसीबीच्या पेटीवर, काम करत असाल तर मीटर नि लीड दोन्ही कॅट थ्रीचे पाहिजेत, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरकडे कॅट फोर. दोघांपैकी जे कमी असेल तेच तुमचं खरं रेटिंग. आणि काम झालं की मीटरच्या अंगाभोवती लीड गच्च गुंडाळून ठेवू नका, मान तिथेच तुटते. सैल वेटोळं करा.

आणखी एक सवय, लाल लीड करंटच्या जॅकमधून काढून व्होल्टच्या जॅकमध्ये लावूनच मीटर ठेवून द्यायचं. १० अँपियरच्या जॅकमध्ये मीटर आतून जवळजवळ सरळ तारच असतं. दुसऱ्या दिवशी कोणी त्याच अवस्थेत सॉकेटला लावलं की थेट शॉर्ट, नि स्वस्त मीटरात त्या जॅकला फ्यूजच नसतो.

फ्यूजवरून आठवलं, फ्यूज उडाला की व्होल्ट, ओहम सगळं नीट चालतं, फक्त करंट शून्य दाखवतं, आणि लोक म्हणतात सर्किटमध्ये करंटच नाही. फ्यूज काढून दुसऱ्या मीटरने कंटिन्युइटी, म्हणजे आतली तार अखंड आहे का, पाहा, दोन मिनिटांचं काम. बदलताना मात्र त्याच अँपियरचा, त्याच व्होल्टेजचा नि त्याच जातीचा टाका. चांगल्या मीटरात जाड, पांढरा सिरॅमिक एचआरसी फ्यूज असतो, आत वाळू भरलेली, फ्यूज उडताना आत जी ठिणगी ताणली जाते ती ही वाळू विझवते. त्याजागी काचेचा छोटा फ्यूज टाकला तर मोठ्या फॉल्टला काच फुटते नि ठिणगी तशीच चालू राहते, तुमच्या हातात. एचआरसी महाग पडतो हे मला माहीत आहे, बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, लगेच मिळतोच असंही नाही, मागवावा लागतो. तोवर करंटचा जॅक टेप लावून बंद ठेवा. तांब्याची तार गुंडाळायची नाही म्हणजे नाही.

रोटरी स्विचमुळे रीडिंग नाचतं, विशेषतः जे मीटर वर्षभर एकाच रेंजवर राहतं त्याचं. आधी मीटर उघडूच नका. बंद करून, लीड काढून स्विच या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, निम्मे मीटर यातच सुधारतात. नाही सुधारलं तर उघडा, पण परातीत उघडा. स्वस्त मीटरच्या नॉबखाली दोन बारीक स्प्रिंगा नि त्यांवर दोन पोलादी गोळ्या असतात, नॉब उचलला की त्या टुणकन उडतात नि कपाटाखाली गेल्या की संपलं, नॉब परत टक-टक करून बसणार नाही. पीसीबीवरचे (आतल्या सर्किटच्या पाटीवरचे) गोल सोनेरी नाहीतर टिनचे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नॉबला लागलेल्या पितळी पट्ट्या चिमट्याने अगदी केसभर वर करा. गंज सोडवायचा जो घरगुती स्प्रे सगळ्यांकडे असतो तो मारू नका, मागे तेल राहतं, त्यावर धूळ बसते. डिस्प्लेचे अर्धे आकडे गायब असतील तर काच नि पीसीबीच्या मधली काळी-पांढरी रबरी पट्टी, झेब्रा स्ट्रिप म्हणतात तिला, काढून अल्कोहोलने हलकी पुसून सरळ बसवा, स्क्रू सारखे आवळा. नि भर उन्हात गच्चीवर डिस्प्ले काळा पडला तर घाबरू नका, सावलीत थंड झाला की बहुतेक वेळा परत येतो.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर कूलरचं बोलू. आपल्या घरोघरी, दुकानादुकानात कूलर, त्याशिवाय मे निघत नाही. पण टेस्टिंगचं टेबल कूलरच्या तोंडाशी लावू नका. एक तर ओली हवा सरळ इन्स्ट्रुमेंटच्या पंख्यातून आत जाते, धुळीचं चिकट किटण तयार होतं, आणि टाकीत बोअरचं जड पाणी असेल तर उडणाऱ्या तुषारांतला क्षारही सगळीकडे बसतो. दुसरं, मेगरची, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरची, रीडिंग घसरते. हिंगण्याच्या एका कारखान्यात मोटर रिवाइंड करून आलेली, इन्सुलेशन कमी येतंय म्हणून परत पाठवायला निघाले होते. मी मोटर नि मेगर दोन्ही कूलरसमोरून उचलून आतल्या कोरड्या खोलीत नेले, टर्मिनलची पाटी नि मेगरच्या लीड कोरड्या कापडाने पुसल्या, दोन तास थांबून परत घेतलं तर रीडिंग कितीतरी वर गेलं. दोष वाइंडिंगचा नव्हता, वरच्या ओलीतून करंट वाहत होता. शिवाय साधा ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं रीडिंग साधारण निम्मं होतं, म्हणून मेगरच्या वहीत रीडिंगसोबत तापमान लिहा, नाहीतर जानेवारीचा नि मेचा आकडा एकमेकांशी ताडून काहीच कळणार नाही.

मेगर वापरायच्या आधी दोन लीड वेगळ्या धरून टेस्ट दाबा, इन्फिनिटी दिसलं पाहिजे, मग जोडून दाबा, शून्य दिसलं पाहिजे. लांब धरूनही इन्फिनिटी येत नसेल तर लीडच ओल्या किंवा मळलेल्या आहेत. टेस्ट झाल्यावर केबल डिस्चार्ज झाल्याशिवाय हात लावू नका, लांब केबल ५०० किंवा १००० व्होल्टला चार्ज होऊन बसलेली असते. आणि ज्या लाइनवर इलेक्ट्रॉनिक काही जोडलेलं आहे, ड्राइव्ह, एलईडी, डिमर, तिथे मेगर मारायच्या आधी ते काढून घ्या.

तापमानाची आणखी एक गोष्ट, जी बरेच जण मॅन्युअलमध्ये वाचतच नाहीत. मीटरची जी अचूकता छापलेली असते ती बहुतेक वेळा २३ अंशाला, ५ अंश वर-खाली, म्हणजे १८ ते २८ मध्ये. नागपुरात मे महिन्यात एसी नसलेली खोली ४० ला असते, तिथे छापलेली अचूकता लागू नाही, दर अंशाला थोडी चूक वाढते. साध्या वायरिंगला काही फरक पडत नाही, पण कोणाचं पॉवर सप्लाय तिसऱ्या दशांशापर्यंत लावून द्यायचं असेल तर ते काम सकाळी सातला करा, इन्स्ट्रुमेंट अर्धा तास चालू ठेवून.

टाँग टेस्टरचं, म्हणजे वायरभोवती जबडा मिटून करंट मोजणाऱ्या मीटरचं, फार काही नाही. जबडा जिथे मिटतो ती दोन तोंडं स्वच्छ नि चपट मिटली पाहिजेत, मध्ये धुळीचा कण जरी अडकला तरी रीडिंग कमी येतं. कोरड्या कापडाने पुसा, पावसाळ्यात तांबूस गंज चढला तर तेलाचं बोट लावून पुसून घ्या, घासून पातळ करू नका. तपासायचं असेल तर एका वायरचे दहा वेढे जबड्यातून घ्या, आकडा दहापट आला पाहिजे. नि एका वेळी एकच वायर, फेज-न्यूट्रल दोन्ही धरले की शून्यच दिसणार.

स्कोपकडे येऊ, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपकडे. "ट्रेस दिसत नाही, स्कोप गेला" असं म्हणून आलेले निम्मे स्कोप ठणठणीत असतात. ट्रिगर, म्हणजे रेघ कधी सुरू करायची ते ठरवणारी सेटिंग, नॉर्मलवर असतो, सिग्नल नाही म्हणून स्वीप होत नाही, पडद्यावर रेघ ओढलीच जात नाही. ऑटोवर करा, इनपुट ग्राउंडला करा, पोझिशन मधोमध आणा, बीम फाइंडचं बटण असेल तर दाबा. डीएसओ, म्हणजे डिजिटल स्कोप, असेल तर सरळ डिफॉल्ट सेटअप. त्यानंतरही नाही तर मग पाहू. प्रोब दर वेळी, दुसऱ्या चॅनलला लावला तरी, समोरच्या १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हला लावून पाहा, कोपरे गोल असतील किंवा टोकं वर निघालेली असतील तर प्रोबचा बारीक ट्रिमर प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवून चौकोन सरळ करा, हे प्रोब १०एक्स वर, म्हणजे सिग्नल दहावा भाग करणाऱ्या सेटिंगवर, ठेवून करायचं असतं. डीएसओचं सेल्फ कॅलिब्रेशन (स्कोपने स्वतःची मापं जुळवणं) सगळे प्रोब काढून, अर्धा तास तापल्यावर करा.

आणि हात जोडून सांगतो, स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. प्रोबची काळी क्लिप मेन्सच्या अर्थला आतून जोडलेली असते, म्हणून एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीला, मेन्सकडच्या बाजूला, ती लावली की धमाका होतो, हे खरं. पण पिन कापली की स्कोपची पूर्ण बॉडी नि प्रत्येक बीएनसी (प्रोब लावायचं गोल सॉकेट) तुमच्या हाताखाली जिवंत होते. ज्या सर्किटचं काम करताय त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून वेगळं करणारा) द्या नाहीतर डिफरेन्शियल प्रोब वापरा. जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या स्कोपात आत हजारो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही वेळ राहतात, सवय नसेल तर तो उघडूच नका.

पावसाळ्यात ठेवायचं कसं हे बरेच जण विचारतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, निळी गुलाबी झाली किंवा केशरी हिरवी झाली की ओल भरली, तापवून कोरडी करायची, ११० अंशाच्या आसपास दोन तास, खायच्या ओव्हनमध्ये नको. डबा बंद करताना इन्स्ट्रुमेंट कोरडं नि थंड पाहिजे, दमट हवा आत कोंडून बंद केलं तर उलट नुकसान. मोठ्या इन्स्ट्रुमेंटवर सुती कापड टाका, प्लास्टिक नको, खाली पाणी धरतं. जुने लोक कपाटात १५ वॉटचा झिरोचा बल्ब लावायचे, तो अजूनही चांगला उपाय आहे, कापड-कागदापासून लांब लावला तर, पण आता झिरो म्हणून एलईडी मिळतो, तो तापतच नाही, त्याचा उपयोग शून्य. त्याहून सोपं म्हणजे जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक इन्स्ट्रुमेंट तासभर चालू ठेवा, आतली उष्णताच ओल घालवते. चालू करायच्या आधी जाळीतून टॉर्च मारून आत पाल बसली नाही ना पाहा, माझ्याकडे आलेल्या दोन फंक्शन जनरेटरचे सप्लाय पालीनेच उडवले होते. मागच्या जाळीवर बारीक नायलॉन मच्छरदाणीचा तुकडा लावा, पण दर महिन्याला झाडायचा, नाहीतर हवा बंद. काट्याचं जुनं मीटर असेल तर ठेवताना नि गाडीवरून नेताना स्विच ऑफवर ठेवा, ऑफ नसेल तर करंटच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर, त्याने कॉइल आतून शॉर्ट होते नि काटा धक्क्यांत आपटत नाही.

मेन्सवर चालणारं इन्स्ट्रुमेंट पूर्ण मेलं असेल तर माझा क्रम असा असतो. प्लग काढून उघडायचं, आधी नुसतं पाहायचं नि वास घ्यायचा. फुगलेले कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरच्या नि कनेक्टरच्या पायांभोवती गोल काळी भेग पडलेला ड्राय सोल्डर, जळका तपकिरी पीसीबी, बहुतेक वेळा फॉल्ट डोळ्यांनाच दिसतो. एसएमपीएस असेल तर मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट अडकून राहू शकतात, ते १० किलोओहम ५ वॉटच्या रेझिस्टरने, इन्सुलेटेड चिमट्यात धरून, पंधरा सेकंद डिस्चार्ज करा नि मीटर लावून शून्य झालं पाहा, पेचकसाने शॉर्ट करू नका. मग फ्यूज. फ्यूज उडालेला असेल तर नवा टाकून सरळ लावायचं नाही, सिरीज बोर्डवर लावायचं, म्हणजे सप्लायच्या वाटेत ६० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, ब्रिज, स्विचिंग ट्रान्झिस्टर पाहा. सिरीज बोर्डमुळे नुकसान कमी होतं, शॉक लागायचा थांबत नाही, हे विसरू नका. सप्लाय उठला की आतले डीसी रेल, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टच्या सप्लाय लाइनी, एकेक मोजा, १२, ५, ३.३ जे असतील ते, एक जरी बसलेला असेल तर पुढचं सगळं सोडून तोच आधी. कपॅसिटर बदलताना १०५ अंशाचेच टाका, १० अंश कमी तापला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आपल्या गावात हे फार मोलाचं आहे. वर्षानुवर्षं पडून असलेला जुना स्कोप घेतला असेल तर तोही पहिल्यांदा सिरीज बोर्डवर किंवा व्हेरियाकवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू उठवा. नि आतली छोटी बॅटरी लगेच काढू नका, काही जुन्या इन्स्ट्रुमेंटची कॅलिब्रेशनची माहितीच तिच्या जोरावर टिकून असते, आधी सर्व्हिस मॅन्युअल पाहा.

आतले ट्रिमपॉट, म्हणजे रीडिंग जुळवायचे बारीक स्क्रू, फिरवू नका. माझ्याकडे येणारं सगळ्यात अवघड काम हेच, कोणीतरी "थोडं अ‍ॅडजस्ट" केलेलं मीटर. चूक वाटत असेल तर ताडून पाहायला काहीतरी खात्रीचं ठेवा, एडी५८४ या रेफरन्स व्होल्टेजच्या चिपचे छोटे बोर्ड स्वस्तात मिळतात, २.५, ५, ७.५ नि १० व्होल्ट देतात, सोबत ०.१ टक्क्याचे दोन-चार रेझिस्टर. ज्यांना ग्राहकाला रिपोर्ट द्यावा लागतो त्यांनी वर्षातून एकदा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेशन करून घ्या, नि जुने रिपोर्ट फेकू नका, तीन वर्षांचे शेजारी ठेवले की मीटर कोणत्या बाजूला सरकतंय ते दिसतं.

मी दिवाळीच्या साफसफाईत एक दिवस यालाच देतो. सगळे सेल बाहेर, सगळ्या लीड वाकवून पाहायच्या, सिलिका तापवायचं, त्या चिपच्या बोर्डवर प्रत्येक मीटरची चार रीडिंग घ्यायची नि मीटरच्या पाठीवर पांढऱ्या टेपवर तारखेसकट लिहायची. काकांचं पिवळं मीटरही आता त्या रांगेत असतं, त्याच्या टेपवर मागच्या दिवाळीचं ५.०२ लिहिलेलं आहे.